नागरी हक्कांचा इतिहास आणि आत्मकथनपर चित्रकथा

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत समाजसुधारणेचा इतिहास शिकविताना एक अडचण वारंवार येते. पूर्वी काही जातींच्या लोकांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्यास मज्जाव होता, अशा आशयाचे वाक्य विद्यार्थी वाचतो, पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि त्याचे गुणही मिळवितो. परंतु मज्जाव या शब्दाने त्याच्या मनात कोणतेही चित्र उमटत नाही. कोणी कोणाला अडविले, कोठे अडविले, त्या वेळी ऊन किती होते, घागर कोणाच्या डोक्यावर होती, अडविणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग होता की नुसता कंटाळा होता, यांतील एकही गोष्ट त्या वाक्यातून कळत नाही. इतिहासातील अन्याय अशा रीतीने व्याकरणातील कर्मणि प्रयोगात जाऊन बसतो. केला जात असे, दिले जात नसे, समजले जात असे. करणारा दिसत नाही व सोसणाराही दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे एक साधन म्हणून आत्मकथनपर चित्रकथेकडे पाहता येते. ज्याने हक्क नाकारला गेल्याचा अनुभव स्वतः घेतला, त्याने सांगितलेली हकीकत चित्रांच्या चौकटींत क्रमाने मांडणे, असे तिचे स्थूल रूप आहे. अमेरिकेत काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास या पद्धतीने मुलांपर्यंत पोहोचविला गेला. भारतात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनाला असे चित्ररूप लाभले. त्या आत्मकथनातील एका प्रवासाची सुरुवात नाशिकहून झालेली आहे आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह तर आपल्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी घडला. म्हणून या विषयाचा विचार नाशिक जिल्ह्यातील शिक्षकांनी अधिक आस्थेने करावयास हवा.

चित्रकथा म्हटली की काही शिक्षकांच्या कपाळावर आठी पडते. ती करमणुकीची गोष्ट, तिने वाचनाची सवय बिघडते, गंभीर विषयाला ती शोभत नाही, असा हा आक्षेप असतो. आक्षेप अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा चित्रकथांत नायक एका ठोशात दहा जणांना लोळवितो आणि पान संपते. परंतु साधनाचा हलका वापर झाला म्हणून साधन हलके ठरत नाही. चित्रांवरून कथा सांगण्याची रीत आपल्याकडे परकी तर नाहीच. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांची पोथी समोर धरून, एकेक चित्र पुढे करीत, रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी जुनी चित्रेही याच परंपरेतील आहेत. बोलीत या सगळ्याला एक सुंदर शब्द आहे, चित्तरकथा.

हाच शब्द एका शिक्षिकेने आपल्या आत्मचरित्राच्या शीर्षकात घेतला, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. सोलापूर जिल्ह्यात १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे या १९४२ साली सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका झाल्या, पुढे पुण्यास प्रशिक्षण घेऊन त्यांनी सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात शिक्षण खात्यातील अधिकारी म्हणून काम केले, आणि निवृत्तीनंतर ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ हे पुस्तक लिहिले. ते १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुस्तकात रेखाचित्रांची मालिका नाही, सर्व कथन शब्दांतच आहे. तरीही आयुष्य सांगावयाचे तर ते एकामागून एक प्रसंग दाखवीत सांगावे, ही दृष्टी त्या शीर्षकातच आहे. आत्मकथन आणि चित्रकथा यांची गाठ आपल्या भाषेने अशी आधीच घालून ठेविली आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेविल्या होत्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांच्या हयातीत त्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकेच्या रूपाने छापल्या व पुढे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्यांचा समावेश झाला. हे काही सलग आत्मचरित्र नव्हे. पाच-सहा प्रसंग निवडून, परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावे या हेतूने, अत्यंत साध्या भाषेत ते सांगितलेले आहेत. पहिले चार प्रसंग स्वतःचे व उरलेले इतरांचे. विशेषणे जवळजवळ नाहीत. एखाद्या साक्षीदाराने न्यायासनापुढे जबानी द्यावी तशी ही मांडणी आहे, आणि नेमक्या याच गुणामुळे ती चित्ररूप घेण्यास अनुकूल ठरली.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. त्या वेळी बाबासाहेबांचे वय दहा वर्षांचे होते व कुटुंब साताऱ्यास राहत होते. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. तेथे तलावाचे खोदकाम चालू होते. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळविले. भीमराव, त्यांचे बंधू व भाचे असे सर्व जण नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे व रेशीमकाठी धोतरे लेवून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. आपण येत असल्याचे पत्र वडिलांच्या नोकराने त्यांना पोहोचविलेच नव्हते, त्यामुळे न्यावयास कोणी आले नव्हते. मुलांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागले. तुम्ही कोण, असे त्यांनी विचारताच मुलाने काहीही आडपडदा न ठेविता आपली जात सांगितली. स्टेशनमास्तरांचा चेहरा क्षणात पालटला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

या ठिकाणी थोडे थांबून पाहावे. शब्दांत हा बदल एका वाक्यात संपतो. चित्रकथेत त्यासाठी किमान दोन चौकटी लागतात. पहिलीत मास्तर मुलांकडे वाकलेले, दुसरीत तेच मास्तर पाठमोरे. दोन्ही चौकटींमध्ये जी कोरी पट्टी राहते, तेथे काहीच काढलेले नसते. परंतु काय घडले ते वाचणाऱ्याला त्या कोऱ्या जागेतच स्वतः समजून घ्यावे लागते. मास्तर का फिरले? त्यांना या मुलांनी काय केले? हा प्रश्न शिक्षकाने विचारण्यापूर्वी मुलाच्याच मनात उभा राहतो. चित्रकथेचे शैक्षणिक बळ बहुतांशी या कोऱ्या पट्टीत आहे.

पुढे कोणीही गाडीवान मुलांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावयाचे, मुलांनीच गाडी हाकावयाची व गाडीवानाने बरोबर चालत यावयाचे, अशी तोड निघाली. आत्याने दिलेला जेवणाचा डबा बरोबर होता, परंतु पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर गाडी थांबली. गाडीवानाच्या सल्ल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे सांगून भीमरावांनी नाकेदाराकडे पाणी मागितले, तेही त्याने दिले नाही. मुले भरलेला डबा जवळ असून उपाशी झोपली. भुकेपेक्षा तहान मोठी असते हे विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही. वैशाखात पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यांवर दोन कोसांवरून हंडे आणणाऱ्या घरांतील मुलांना तर मुळीच नाही.

आठवणींतील पुढील प्रसंग बडोद्याचा. परदेशातून उच्च विद्या संपादून आलेल्या या विद्वानास संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून काही दिवस काढले, ते उघडकीस आल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि अखेर सार्वजनिक बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यानंतर १९२९ साली चाळीसगावला कोणीही टांगेवाला त्यांना टांग्यात घेऊन हाकण्यास तयार होईना, तेव्हा टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका स्वजातीय माणसाने लगाम हाती घेतला. पुलाशी घोडा बिथरला, बाबासाहेब खाली फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. चाळीसगाव नांदगावच्या शेजारचे. मुलांना ते ठिकाण नकाशात दाखवावे. आणि चौथा प्रसंग १९३४ सालचा. वेरूळची लेणी पाहण्यासाठी सहकाऱ्यांची मंडळी नाशिकला जमून औरंगाबादकडे निघाली होती. दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तेव्हा पाणी बाटविले म्हणून मोठी गर्दी जमली. शेवटी पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर व शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. अस्पृश्यतेचा रोग एका धर्माच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही, हे सांगण्यासाठीच हा प्रसंग लेखकाने निवडला आहे.

या आठवणींवर आधारलेली ‘भीमायन’ ही चित्रकथा २०११ साली नवी दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने प्रसिद्ध केली. श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांनी तिची संहिता तयार केली आणि मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम यांनी ती चितारली. पाणी, निवारा आणि प्रवास असे तिचे मुख्य भाग आहेत. त्याआधी १९७९ साली ‘अमर चित्र कथा’ या मालेतही बाबासाहेबांचे चरित्र आले होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर फरक ध्यानी येतो. मालेतील पुस्तक चरित्र आहे. त्यात जन्मापासून पुढे एकामागून एक कर्तबगारी येत जाते आणि चौकटी शिस्तीने आखलेल्या आहेत. ‘भीमायन’मध्ये सरळ रेषांच्या चौकटीच नाहीत. गोंड घरांच्या भिंती-अंगणांत काढतात त्या दिगना नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानाचे भाग पाडतात. चित्रकारांनी बोलण्याच्या फुग्यांचीही एक युक्ती योजिली. सौम्य बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात, तर ज्यांच्या बोलण्यात भेदाचे विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा असतो, कारण मनाचा डोळा जे पाहतो ते इतरांस दिसत नाही. वाचता न येणाऱ्या पहिलीच्या मुलासही नांगी कळते. कोणत्या वाक्याला नांगी आहे, असे विचारून तिसरी-चौथीच्या मुलांशी एक संपूर्ण तासिका चालविता येईल.

परधान हे मूळचे गोंडांच्या वंशावळी व देवकथा बाणा वाद्यावर गाणारे भाट. ज्यांच्या घराण्याने शतकानुशतके दुसऱ्यांच्या कथा गाइल्या, त्यांनीच साताऱ्याच्या या मुलाची तहान चितारावी, यात एक औचित्य आहे. या पुस्तकाची सुरुवात बसथांब्यावरील संभाषणाने होते. राखीव जागांबद्दल तक्रार करणाऱ्या तरुणाला एक स्त्री या सगळ्या गोष्टी सांगू लागते. अधूनमधून अलीकडील काळातील अत्याचारांच्या बातम्याही येतात, म्हणजे इतिहास संपला अशी समजूत होऊ नये.

काटेकोर बोलावयाचे तर ‘भीमायन’ हे आत्मकथन नव्हे. आत्मकथनाचा आधार घेऊन इतरांनी केलेली ती निर्मिती आहे. ज्याचे जीवन त्यानेच कथन केले व चित्रकाराकडून त्याला रूप दिले, असे ठळक उदाहरण अमेरिकेतील जॉन लुईस यांचे. अलाबामा राज्यातील शेतकरी कुटुंबात १९४० साली जन्मलेले लुईस लहानपणी घरच्या कोंबड्यांपुढे प्रवचने देत, विद्यार्थिदशेत लढ्यात पडले आणि पुढे अनेक वर्षे तेथील लोकसभागृहाचे सदस्य होते. २०२० साली ते निवर्तले. अँड्र्यू आयडिन हे सहलेखक व नेट पॉवेल हे चित्रकार यांच्या साहाय्याने त्यांनी ‘मार्च’ या नावाची तीन भागांची चित्रकथा सिद्ध केली. तिचे भाग २०१३, २०१५ व २०१६ साली निघाले आणि तिसऱ्या भागास २०१६ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार बालकुमार वाङ्मयासाठी मिळाला. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. त्या मोर्चाच्या अग्रभागी लुईस होते व त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली. हा प्रसंग चित्रकाराने केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत काढला आहे.

हे पुस्तक चित्रकथेच्याच रूपात का आले, यालाही कारण आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले आणि त्यातून ३८१ दिवसांचा बसबहिष्कार उभा राहिला. या बहिष्काराची हकीकत सांगणारी एक छोटी चित्रकथा १९५७ साली तेथील एका शांततावादी संस्थेने काढली. किंमत दहा सेंट होती व सुमारे अडीच लाख प्रती छापल्या गेल्याचे सांगतात. बसमध्ये कसे बसावे, शिवी आली तर काय करावे, हात का उगारू नये, हे तीत सोप्या चित्रांनी समजाविले होते. गांधीजींच्या भारतीय लढ्याचाही तीत उल्लेख होता. तरुण लुईस यांनी ती वाचली. त्या काळात दक्षिणेतील विद्यार्थ्यांना अहिंसेचे शिक्षण देणारे जेम्स लॉसन हे १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी तेथे केला व मायदेशी परतून नॅशव्हिलला वर्ग चालविले. मुले एकमेकांना मुद्दाम अपशब्द बोलत, ढकलत आणि उलट हात न उगारण्याचा सराव करीत. हे वर्ग ‘मार्च’च्या पहिल्या भागात चित्रित झाले आहेत. नागपूरच्या एका महाविद्यालयातून निघालेला धागा असा साता समुद्रांपलीकडच्या चित्रकथेत जाऊन पोहोचतो, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास भूगोल व इतिहास यांचा एकाच तासात मेळ बसेल.

उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे चरित्र चेन्नईच्या तारा बुक्सने २०१० साली चित्ररूपाने काढले. त्याची चित्रे बंगालमधील पटुआ परंपरेतील मनू चित्रकार यांनी काढली. परंतु ते चरित्र आहे, आत्मकथन नाही.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहास २ मार्च १९३० रोजी प्रारंभ झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक मंदिराकडे आली, दरवाजे बंद होते, म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या, त्यांत स्त्रियाही, मंदिराच्या चारही दरवाजांशी बसू लागल्या. ९ एप्रिल १९३० रोजी रथाच्या दिवशी रथ ओढण्यावरून संघर्ष होऊन दगडफेक झाली. स्थानिक संघटनेचा मोठा भार दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड यांच्यावर होता. सत्याग्रह पुढे काही वर्षे निरनिराळ्या रूपांत चालला, दरवाजे उघडले नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला, संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे दंडनीय ठरले. तोच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो.

हा सर्व मजकूर तारखांसह मुलांना सांगता येतो, परंतु त्याची चित्रकथा करावयाची झाल्यास पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की हे कोणाच्या डोळ्यांनी दाखवावयाचे? मिरवणूक उंचावरून दाखविली तर हजार डोकी दिसतील, माणूस दिसणार नाही. दरवाजापाशी बसलेल्या एका स्त्रीच्या नजरेने दाखविले तर बंद दाराची लाकडी फळी, तिच्यावरील खिळे व तिच्या मांडीवरील मूल एवढेच दिसेल. आत्मकथनाने इतिहासाला डोळ्यांची उंची मिळते. मात्र त्या स्त्रीची हकीकत तिच्याच शब्दांत उपलब्ध नसेल, तर तिच्या तोंडी मनाचे संवाद घालून ते आत्मकथन म्हणून मुलांपुढे ठेवणे योग्य नाही. येथे शिक्षकाने फार जपावे. कल्पिलेले कल्पित म्हणून सांगावे. डॉ. आंबेडकरांच्या आठवणींत जे आहे, लुईस यांनी जे सांगितले आहे, त्याला साक्षीचे मोल आहे. आपण रचलेल्या संवादाला ते नाही.

साक्षही तपासावी लागते. माणूस अनेक वर्षांनी लिहितो तेव्हा साल चुकण्याचा, दोन प्रवास एकत्र होण्याचा संभव असतो. वरच्या वर्गांतील मुलांना एखाद्या प्रसंगाचे साल इतर कागदांशी ताडून पाहावयास लावणे हा उत्तम अभ्यास होईल. उदाहरणार्थ, साताऱ्याच्या हायस्कूलच्या दप्तरात बाबासाहेबांच्या प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९०० आहे आणि मसूरचा प्रवास १९०१ सालचा आहे. यांवरून त्या वेळी ते कोणत्या शाळेत व कितव्या वर्षी होते हे मुले स्वतः काढू शकतील.

वर्गात प्रत्यक्ष कसे करावे याविषयी एक नमुना देता येईल. साताऱ्याच्या शाळेतील बसण्याची व पाण्याची हकीकत घ्यावी. भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागल्यास इतर मुले नळाशी जाऊन पाणी पीत. यांना मात्र शिपायाने तोटी सोडल्याखेरीज पिता येत नसे आणि शिपाई जागेवर नसला की तहानेलेच राहावे लागे. ही हकीकत शिक्षकाने सावकाश सांगावी व तिच्या केवळ चार चौकटी काढावयास द्याव्यात. पहिल्या दिवशी अक्षर एकही लिहू देऊ नये. बहुतेक मुले पहिल्या चौकटीत शाळेची इमारत, झेंडा व सूर्य काढतील, कारण चित्र म्हणजे तेच अशी सवय झालेली असते. तेव्हा विचारावे, की गोणपाटावर बसलेल्या मुलाला तेथून काय दिसत असेल? इतरांची पाठ दिसेल, बाकांचे पाय दिसतील, नळ दूर व उंच दिसेल. हे ध्यानात आल्यावर दुसऱ्या वेळी काढलेली चित्रे निराळीच होतात. शिपाई न काढता शिपायाची रिकामी जागा कशी दाखवावी, हाही प्रश्न मुले मोठ्या हिकमतीने सोडवितात. कोणी भिंतीवरील खुंटीला अडकविलेला त्याचा पट्टा काढील, कोणी नुसते स्टूल. पेठ, सुरगाणा, कळवण या भागांत वारली चित्रांची रीत मुलांच्या हातात असते. तेथे माणसांचे त्रिकोण व काड्यांचे हातपाय याच रीतीने काम करू द्यावे. ते बदलून शहरी नाकडोळे काढावयास लावू नयेत.

एका बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. या पाठात वर्गातील कोणत्याही मुलाकडे बोट दाखविले जाता कामा नये. तुझ्या आजोबांना असे झाले होते ना, सांग बघू, हा प्रश्न कितीही सदिच्छेने विचारला तरी त्या मुलास सर्वांपुढे पुन्हा गोणपाटावर बसविण्यासारखा आहे. ज्या वर्गात हा धडा शिकविला जातो त्या वर्गात पाणी नाकारले गेलेल्यांची पणतवंडे असतात आणि पाणी नाकारणाऱ्यांचीही असतात. ती एकाच डब्यातील खिचडी खातात व एकाच सतरंजीवर बसतात. पहिल्याला लाज वाटू नये व दुसऱ्याला आपल्यावर आरोप झाला असे वाटू नये, आणि तरीही घडलेले सौम्य करून सांगितले जाऊ नये, ही या पाठातील खरी कसोटी होय. प्रकाशित आत्मकथन येथे मोठाच आधार देते, कारण ती हकीकत सांगणाऱ्याने स्वतःहून, विचारपूर्वक जगापुढे ठेविलेली असते. तिच्याविषयी बोलताना वर्गातील कोणाचेही घर उघडे पडत नाही. एखाद्या मुलाने आपण होऊन घरची गोष्ट सांगितलीच, तर ती शांतपणे ऐकावी, तिच्यावर वर्गात चर्चा उभी करू नये आणि चित्र काढण्याची सक्तीही करू नये.

मुलांनी गावातील वृद्धांकडे जाऊन जुन्या पाणवठ्यांविषयी विचारावयाचे ठरविल्यास प्रश्न सर्वांना सारखेच असावेत. गावात विहिरी किती होत्या, कोण कोठे पाणी भरी, रहाट कोणत्या साली बंद झाला, नळ केव्हा आला, पहिल्या दिवशी नळावर रांग कशी लागली. जातीचा प्रश्न मुलाने विचारू नये. सांगणाऱ्यास सांगावयाचे असेल तर तो या प्रश्नांच्या ओघात ते सांगेलच. विहिरीची जागा दाखविणारा गावचा नकाशा आणि अशा तीन-चार आठवणी यांतून आठ पानांची हस्तलिखित चित्रकथा सहज होते. कागद पाठकोरे चालतील. शिवण दोऱ्याने घालावी. ज्याची आठवण घेतली त्यास तयार पाने आधी वाचून व दाखवून त्याची संमती घ्यावी आणि त्याने नको म्हटल्यास नाव गाळावे.

७ नोव्हेंबर हा शाळाप्रवेशाचा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ही हस्तलिखिते केंद्रशाळेत मांडावयाची असल्यास दिवाळीच्या सुटीपूर्वी काम पुरे होईल अशा बेताने ऑगस्टअखेर सुरुवात करणे सोयीचे पडते. पावसाच्या दिवसांत मुले घरी असतात, म्हातारी माणसेही शेतावरून लवकर परततात, आणि विचारपूस करावयास निवांत वेळ मिळतो.